जुलैतले बासष्ट नमुने

मी, संचिता महिपत गोताड, वय वर्षे एकोणतीस, राहणार नवघर रोड, भाईंदर पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, सगळे समजून आणि कोणी भरीस न घालता लिहीत आहे. लहानपणच्या घशाच्या दुखण्यातून माझ्या हृदयाची एक झडप बिघडली. ती येत्या गुरुवारी, २० नोव्हेंबरला बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, धोका शंभरात तीन. एखाद्या शोधनिबंधात मी या आकड्याला नगण्य म्हटले असते. स्वतःच्या बाबतीत म्हणवत नाही.

आईला अक्षरओळख नाही. बाबांची शाळा चौथीत सुटली. हे त्यांना वाचून दाखवायचे आहे, म्हणून शक्य तितक्या साध्या भाषेत लिहिते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. राहते घर बाबांचे आहे. त्यात माझा वाटा नाही आणि मला तो कधी नको होता. सव्वीस वर्षे स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारून त्यांनी ते घेतले. एकच सूचना आहे. देवाच्या फोटोंशेजारी बाबांनी माझ्या पेपरचे पहिले पान लॅमिनेट करून लावले आहे. ते काढावे. माझा फोटो लावायला जागा हवी म्हणून नव्हे. कारण पाचव्या कलमात आहे.

२. बँकेतली शिल्लक आणि कानातली कुडी आईला. तिने पोळ्यांची निदान दोन घरे सोडावीत. ती सोडणार नाही हे माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

३. लॅपटॉप आणि स्कूटर मृणालिनीला. मृणालिनी माझ्याबरोबर त्याच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती आणि अर्ध्यात सोडून गेली. तेव्हा मी तिला भित्री म्हटले होते. तो शब्द मी मागे घेते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. स्कूटरचा मागचा ब्रेक लागत नाही, आधी दुरुस्त करून घे.

४. माझे गमबूट चि. निकेत नेवरेकर यांना द्यावेत. निकेत हे माझे मार्गदर्शक डॉ. सुभाष नेवरेकर यांचे चिरंजीव. आमच्या पेपरवर पहिले नाव त्यांचे, दुसरे सरांचे आणि तिसरे माझे आहे. ‘क्षेत्रभेटी’ या परिच्छेदाप्रमाणे ते चौदा महिने पालीच्या किनाऱ्यावर चिखलातून हिंडले. अनवाणी हिंडले असणार, कारण मी त्यांना तिथे एकदाही पाहिले नाही. परदेशातल्या प्रवेशासाठी त्यांना पेपर हवा होता. तो मिळाला. आता बूटही घ्यावेत.

५. आता पेपरबद्दल.

पाली हे उत्तनच्या बाजूचे कोळ्यांचे गाव. तिथल्या बायका बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकवतात. त्या सुक्या बोंबलात ओल किती राहते आणि बुरशी किती धरते, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. चौदा महिन्यांत मी एकशे अठरा नमुने घेतले. प्रत्येकाची तारीख, वेळ, हवेतली आर्द्रता आणि ज्या बाईने दिला तिचे नाव माझ्या सहा वह्यांत आहे. निष्कर्ष असा निघाला की त्यांच्या मालात काही वाईट नाही.

सरांना तो आवडला नाही. म्हणाले, “काही वाईट नाही, हे कोण छापणार? सिग्निफिकन्ट काहीतरी पाहिजे ना.”

पंधरा दिवसांनी त्यांनी पाठवलेल्या मसुद्यात एकशे ऐंशी नमुने होते. वाढलेल्या बासष्टांवर जुलैच्या तारखा होत्या आणि सगळ्यांत बुरशी. मी विचारले, सर, हे कुठून आले? म्हणाले, “पावसाळ्याचा डेटा निकेतने बघितला. तू पण ना संचिता, फार टेन्शन घेतेस.”

वाचणाऱ्याला ठाऊक नसेल म्हणून सांगते. जुलैत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात. वलांडी नुसते बांबू असतात. जुलैत वलांडीवर सुकलेला बोंबील जगात मिळत नाही. पालीतले शेंबडे पोरही ही चूक करणार नाही. दोन डॉक्टरेट असलेल्या माणसाने केली, आणि मी ती पाहून सही केली.

सही म्हणजे एका चौकोनात टिक. ‘मी सर्व माहिती तपासली असून ती खरी आहे.’ त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर नीतिनियमांचे एक पान आहे, फार सुंदर भाषेत. मी ते आठ वेळा वाचले होते. सर म्हणाले, “अगं, ते वाचायचं नसतं. टिक करायचं असतं.” मी केली. त्याच पानावर आणखी एक चौकोन होता, हितसंबंध जाहीर करण्याचा. सरांनी तिथे ‘नाहीत’ असे भरले. मासे सुकवण्याच्या बंद पेट्या बनवणाऱ्या एका कंपनीचे ते सल्लागार आहेत. पुढे वरसाव्याच्या एका रिसॉर्टमध्ये त्या कंपनीचा मेळावा झाला. पडद्यावर आमचा पेपर होता, त्याखाली पेट्यांचे फोटो. मला तिथे दारात उभे राहून पत्रके वाटायला लावले. मी वाटली.

६. हे कलम मी तीनदा फाडून पुन्हा लिहिले आहे.

पेपर छापण्याआधी तो त्या विषयातल्या जाणकारांना तपासायला पाठवतात. आमच्या नियतकालिकात जाणकारांची नावे लेखकांनीच सुचवायची सोय होती. सरांनी एका बाहेरच्या प्राध्यापकांचे नाव दिले, पण त्यापुढचा ईमेल पत्ता सरांनीच उघडलेला होता. त्याचा पासवर्ड त्यांनी मला दिला. “तुझ्याइतकं बारकाईने कोण वाचणार?” असे म्हणून हसले.

म्हणजे माझ्या पेपरची परीक्षा मीच घेतली. आणि मी ती मन लावून घेतली, हे सांगताना मला सर्वांत जास्त लाज वाटते. दोन तक्त्यांतली बेरीज चुकली होती ती दाखवली, एक संदर्भ जुना आहे म्हटले, किरकोळ दुरुस्त्यांनंतर छापावा अशी शिफारस केली. जुलैबद्दल एक अक्षर लिहिले नाही. चार दिवसांत संपादकांचे पत्र आले, परीक्षकांच्या सखोल अभिप्रायाबद्दल आभार. त्या संपादक मंडळाला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. त्यांनी माझा अभिप्राय तेवढा ठेवून घ्यावा.

७. सहाही वह्या, वजनकाटा आणि आर्द्रतामापक पालीच्या ब्रिजिता मावशींना. एकशे अठरांपैकी एकतीस नमुने त्यांच्या वलांडीवरचे आहेत.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. एक व्यापारी तो पेपर मोबाइलवर दाखवून पालीचा माल नाकारतो, हे कानावर आले म्हणून. मावशींच्या सुनेने तक्ता मोठ्याने वाचला. मावशी आधी खो खो हसल्या.

“जुलैन बोंबील? गो बाय, जुलैन वलांडीवर कावला पन न्हाय बसत! तुझे सरानी सपनान सुकवले काय?”

मग त्यांचे हसू थांबले.

“आमचे नावावर कोनाचा मावरा टाकला गो तुमी? आमी तुला बसवली, चाय दिली, हातान उचलून बोंबील दिले. न्हाय दिले काय?”

दिले होते. मी उठून बाहेर आले. स्कूटर सुरू होईना, तेव्हा मावशींच्या सुनेनेच किक मारून दिली.

८. त्या नियतकालिकाला लिहिलेले पत्र माझ्या लॅपटॉपमध्ये तयार आहे. त्यात वरचे सगळे आहे, वह्यांच्या पानांचे फोटो आहेत आणि पेपर मागे घ्यावा अशी मागणी आहे. परीक्षक म्हणून केलेला माझा गुन्हाही आहे. हे पत्र माझ्या मृत्यूनंतर मृणालिनीने पाठवावे.

आधी का पाठवले नाही, तर सरांना सांगून बघितले होते. त्यांनी मला समोर बसवून, आवाज न चढवता समजावले. “पेपर मागे गेला की तुझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण जातं. प्रकरण गेलं की पदवी जाते. पदवी गेली की कॉलेजातली नोकरी. परवा तुझे बाबा पदवीचे पेढे घेऊन आलेले ना इथे? किती साधा माणूस.”

त्या ‘साधा माणूस’साठी मी सरांना क्षमा करत नाही. बाकीच्या गोष्टींसाठीही करत नाही, पण तो शब्द वेगळा लिहून ठेवते.

९. माझ्या मृत्यूनंतर माझे नाव कोणत्याही पेपरवर टाकू नये. मेलेल्या माणसाला टिक करावी लागत नाही, तेव्हा सरांना ते सोयीचे वाटेल. माझ्या स्मृतीला काहीही अर्पण करू नये. कॉलेजात शोकसभा झाली तर डॉ. नेवरेकर यांना बोलू देऊ नये. ते चांगले बोलतात. लोकांना खरे वाटेल.

१०. आठवे कलम मी रद्द करत आहे. त्यावर रेघ मारली असून शेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. कारण नोंदवते.

इथपर्यंतचा मजकूर काल पुरा झाला. आज, मंगळवारी सकाळी, तो आईबाबांना वाचून दाखवला. साक्षीला बोलावलेले बाबाजी काका आणि झेरॉक्सवाला स्वप्नील तेव्हा समोर बसलेले होते. पेढ्यांचे वाचताना बाबांनी मान खाली घातली. आईने मात्र आठव्या कलमावर मला थांबवले.

“ता पत्र तू मेल्यावर धाडायचा?”

“हो.”

“आनि तू मेली नाय तर? मग कोन धाडनार?”

बाबा म्हणाले, “चंपे, गप ऱ्हा. ऑपरेशन तोंडावर आलाय, अभद्र बोलू नको.”

“अभद्र ती लिवतेय. मी फकस्त इचारतेय.”

शंभरात सत्त्याण्णव वेळा मी जगणार होते, आणि त्या सत्त्याण्णवांसाठी मी काहीच लिहिले नव्हते. मेल्यावर मी खरे बोलणार होते, जगले तर डॉ. संचिता गोताड म्हणून शिकवत राहणार होते. शंभरातल्या उरलेल्या तिघीजणी तेवढ्या प्रामाणिक.

मी बाबांना विचारले, “पदवी गेली तर चालेल?” ते नखातले पॉलिशचे काळे कोरत राहिले. मग उठले, भिंतीवरचे लॅमिनेट केलेले पान खिळ्यावरून काढले आणि उलटे करून कपाटावर ठेवले. म्हणाले, “त्या कोळणींचा माल उठाया होवा. तुझा बगू मागनं.”

सव्वाअकरा वाजता मी पत्र पाठवले. अशा पत्राची प्रत सर्व लेखकांना द्यावी, असा त्याच सुंदर पानावरचा नियम आहे. तो पाळला. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी सरांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

“काय केलंस हे? वेडबीड लागलंय का तुला?” मग आवाज एकदम मऊ झाला. “हे बघ बेटा, ऑपरेशनचं टेन्शन असतं, समजू शकतो मी. मी संपादकांना कळवतो की तुझी मनःस्थिती ठीक नाही. ते पत्र फाइल करून ठेवतील. तू आराम कर हं.”

फोन त्यांनीच ठेवला. आई म्हणाली, “ह्योच काय तो?” एवढेच.

११. म्हणून हे शेवटचे कलम. मी गुरुवारनंतर नसले, तर मृणालिनीने या मृत्युपत्राची खरी प्रत त्या नियतकालिकाला, माझ्या विद्यापीठाला आणि ब्रिजिता मावशींना द्यावी, आणि पेपर मागे घेतल्याचे छापून येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. मी असले, तर ते काम माझे. हे मृत्युपत्र मी जिवंत असेपर्यंत मला केव्हाही बदलता येईल. गेलेले पत्र बदलता येणार नाही, आणि मला बदलायचे नाही.

साक्षीदारांना विनंती, की त्यांनी केवळ या कागदावरच्या सहीची साक्ष देऊन थांबू नये.

ठिकाण: भाईंदर पूर्व
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, दुपारी साडेबारा

(सही) संचिता महिपत गोताड

आम्ही खाली सह्या करणारे लिहून देतो की, संचिता हिने आज सकाळी आमच्यासमोर लॅपटॉपवरून ते पत्र पाठवले, आणि त्यानंतर आमच्यासमोर या मृत्युपत्रावर सही केली. आम्हीही तिच्यासमोर सह्या केल्या. या मृत्युपत्राने आम्हाला काही मिळत नाही. दोन्ही वेळा तिचे डोके ठिकाणावर होते. सरांचा फोन आम्ही दोघांनी ऐकला असून, कोणी विचारायला आले तर तो शब्दाला शब्द सांगू.

१. (सही) बाबाजी धोंडू शिगवण, निवृत्त, त्याच इमारतीत दुसरा मजला
२. (सही) स्वप्नील शांताराम मांडवकर, झेरॉक्स व टायपिंगचे दुकान, नवघर रोड