आंब्याखालच्या स्ट्रॉबेरीचा वारस

मी, फुलाबाई चिमाजी खोपडे, वय त्र्याहत्तर, राहणार आंबवडे, तालुका भोर, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीत राहून, कोणाच्याही दाबाला बळी न पडता हे मृत्युपत्र करून ठेवते. दाबाला मी नवऱ्याच्याही बळी पडले नव्हते, तेव्हा शंका नसावी. मजकूर मी सांगते, वकील स्वरूप काळे लिहितात. त्यांनी माझी वाक्ये सुधारू नयेत असे ठरले आहे.

१. पतीने माझ्या नावे केलेले राहते घर मुलगा इंद्रजित यास. पोस्टातील ठेव व पाटल्या, गुंजवणे गावी दिलेली मुलगी मंगल हिला. यावरून भांडायचे असल्यास मी आहे तोवर भांडावे, म्हणजे निकाल मला देता येईल.

२. घरापुढील आंब्याखालचे अंगण मात्र घरात धरू नये. त्या सावलीत गवतसुद्धा धरत नव्हते. मंगलने शोभेच्या स्ट्रॉबेरीची रोपे आणून दिली. फुले गुलाबी. रोप उंच जात नाही. जमिनीलगत दोरे सोडते आणि दोरा मातीला टेकला की तिथे नवे रोप उभे. बघता बघता अंगण झाकले. फळ मात्र शेंगदाण्याएवढे व बेचव. इंद्रजित म्हणाला, "आई, महाबळेश्वरवाले बघतील तर रडतील."

३. एक दोरा कुंपणाखालून धाकटी जाऊ ठकुबाई हिच्या दारात गेला. घराच्या वाटणीपासून आमचे बोलणे बंद होते. त्या सकाळी ती कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"आक्का, तुमचं रान माज्या हद्दीत आलंय."

"रान न्हाई, स्ट्रॉबेरी हाय ती."

"मग फळं कुठं हायती?"

"ही नुसती बघायची असती."

"बघायची? तुमचं पोट काय डोळ्यात हाय व्हय?"

तिने तेव्हाचे सरपंच गेनबा यांना बोलावले. त्यांनी एक फळ खाल्ले, थुंकले, आणि "ज्याच्या दारात रुजलं त्याचं" असा निकाल दिला. तो आम्हा दोघींनाही पटला नाही, म्हणून रोज भांडण सुरू झाले. तिच्या कोंबड्या माझ्याकडे, माझे दोरे तिच्याकडे. उन्हाळ्यात ती कुंपणावरून ओरडायची, "आक्का, तुमच्या पोरी वाळल्या, पाणी घाला!"

४. गेल्या वर्षी पायाच्या ऑपरेशनसाठी मी पुण्यात असताना इंद्रजितने चारचाकी लावण्यासाठी अंगणात पेव्हर ब्लॉक टाकायचे ठरवले. टेम्पो दारात आला. ठकुबाईने आंब्याखाली स्ट्रॉबेरीवरच बाज टाकली आणि बसली. म्हणाली, "आक्का गेल्या आसतील तर टाक. पण आदी मला त्यांना दाव." टेम्पो माघारी गेला. बाजेखालची रोपे मेली, बाकीची वाचली. मी घरी आल्यावर ती म्हणाली, "झाडांसाठी न्हवं. गाडीचा धूर माज्या घरात आला आसता." मी विश्वास ठेवला असे दाखवले.

५. सबब सदर अंगण ठकुबाई हिला तहहयात मिळावे. तिच्यामागे ते माझी नात शेफाली हिचे. खुरपे व झारी अंगणासोबत जातील. इंद्रजितने गाडी देवळाजवळ लावावी. चालल्याने पोटही उतरेल.

६. हे लिहीत असता ठकुबाई साक्षीदार म्हणून सही करण्यास आली. वकील म्हणाले, "ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"म्हंजी मला काय मिळतंय?"

"अंगण," मी म्हणाले.

ती खाली बसली. म्हणाली, "आक्का, हे आदी सांगितलं आसतं तर येवढी वर्सं भांडले नसते मी."

"म्हणून तर सांगितलं न्हाई."

तिने पदराने तोंड पुसले आणि वकिलांना विचारले की आजपासून भांडायचे कोणाशी. मी सांगितले, मी अजून आहे.

वरील मजकूर वाचून घेतला, खरा आहे, म्हणून सही करते.

सही : फुलाबाई चिमाजी खोपडे

साक्षीदार : १) गेनबा तुकाराम धुमाळ, माजी सरपंच
२) रत्ना सोपान गायकवाड, शेजारी

ठिकाण : आंबवडे
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४