उद्या कळण्याच्या आत

डोंबिवली
१२ फेब्रुवारी २०२५, दुपारी दीड

प्रिय ताई,

उंदरांच्या पिंजऱ्यांतला भुसा बदलला, हात दोनदा धुतले आणि लॅबच्या मागच्या बाकावर बसून लिहितोय. फोनवर तू हसून विषय बदलतेस, म्हणून पत्र.

या वेळी खोलीत सगळे उंदीर झोपलेले असतात, एकमेकांच्या अंगावर, कापसाच्या ढिगासारखे. थंड हवा एकाच सुरात वाहते आणि मलाही गुंगी येते. मागे असाच डोळा लागला, तर स्वप्नात तू ऑर्डरी घेऊन जपून देतेस त्या नवरीच्या वरमाला आल्या. काचेसारख्या घट्ट रेझिनमध्ये तू जपलेले ते गुलाब हळूहळू उघडत होते आणि प्रत्येक फुलात एक उंदीर झोपला होता. भीती नाही वाटली. फक्त तुझे हात कुठे दिसत नव्हते.

मी इथे काय करतो, हे तुला नीट कधी सांगितलंच नाही. उंदरांच्या पाठीवरचे केस काढायचे आणि तिथे ब्रशने थेंबभर रसायन लावायचं, आठवड्यातून दोनदा. कारखान्यात वापरतात त्या रेझिनने कातडीचा कॅन्सर होतो का, ते बघायचंय. काही पिंजऱ्यांना रेझिन, काहींना नुसता ते पातळ करायचा द्रव, आणि काहींना ज्याने कॅन्सर होतोच असं ठाऊक असलेलं विष, तुलनेसाठी. बाटल्यांवर फक्त अक्षरं असतात. कुठल्या अक्षरात काय, ते मला माहीत नाही.

'ख'च्या उंदरांना गाठी आल्यात. ब्रश धरताना मी मनात म्हणतो, 'ख' म्हणजे ते विषच असू दे. एकदा न राहवून लॅबच्या प्रमुख वल्लरी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "सम्यक, तुझं काय अडकलंय रे त्या बाटलीत?"

परवा तू घरच्या ग्रुपवर ठाण्याच्या नवरीच्या वरमालेचा फोटो टाकलास. दाजींसकट सगळ्यांनी कौतुक केलं. मी कोपऱ्यात आलेलं तुझं मनगट मोठं करून बघत बसलो. तिथे लाल चट्टा आहे. तुझं रेझिन आणि आमचं एकच का, तेही मला ठाऊक नाही.

उद्या अक्षरं उघडणार. जे निघेल ते बाहेर बोलायचं नाही, अशी सही मी कामाला लागतानाच केलीय, आणि ती मोडायची माझी हिंमत नाही. उद्यापासून तुझ्या हातांबद्दल काहीही बोललो, तरी ते निकाल सांगणंच होईल. आज मला काही माहीत नाही, म्हणून आज बोलता येतंय. हातमोजे घाल. खिडकी उघडी ठेव. चट्टा डॉक्टरला दाखव. यापुढे मी गप्प राहीन, त्या गप्प राहण्यावरून मात्र काही ओळखायला जाऊ नकोस.

तुझाच,
सम्यक