शोभाचा डबा

अनसिंग, मंगळवार. कोजागिरी दोन दिवसांवर.

शोभाच्या ओट्यावर आज भुलाबाईची गाणी होती. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून संध्याकाळ खायला उठते, म्हणून बायकांच्या रांगेत न बसता मुद्दाम मुलींच्या घोळक्यात बसले. चव्वेचाळीस हे काय वय आहे? मन तरुण ठेवा, असा मेसेज तर रोज येतो. गाणी अगदी मनापासून म्हटली. मग शोभाने झाकलेला डबा हलवला. आवाजावरून खाऊ ओळखायचा. माझ्या तोंडून लगेच गेलं, "शंकरपाळे!"

बरोबर होतं. पण मुलींचे चेहरे पडले. शेजारची पिंकी तर रडवेली. "काकू, तुमी कायले ओयखता? तुमी त करता ना!"

"वहिनी, पोरीयचा खेळच खल्लास केला तुमी," शोभा हसत म्हणाली. मीही हसले. घराचं दार लावेपर्यंत हसत होते.

माझं चुकलं का? इतकी वर्षं डबे भरल्यावर तो आवाज ओळखू येत नाही असं सोंग करायचं? तरुण मन म्हणजे तेवढंच असेल, तर...

उद्या खाऊ माझ्याकडे आहे. चकल्या भरताना डब्यात फडकं कोंबलं. वाजूच नये. ओळखा म्हणावं आता! मग लाज वाटली. पिंकीचा काय दोष? फडकं काढलं, झाकण लावलं आणि आत काय आहे ते विसरायचा प्रयत्न करत डबा कानाशी हलवला.

चकल्याच वाजल्या.