मागचा दिवा

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

थंडीत कॅमेऱ्याच्या बॅटरीनं मान टाकली. चाळीस मिनिटांत खेळ खलास. समाधानच्या वहीत लिहिलंय — 'बॅटरी पांघरुणात गुंडाळून ठेव.' ते पान मी आज वाचलं. आधी वाचायला काय डोळे फुटले होते माझे!

वर्षभरानं रोजनिशी लिहायला बसले. जुनी वही कपाटात तळाशी आहे. समाधान गेला तेव्हा बंद केली, ती उघडली नाही. उघडणारही नाही.

पण त्याची वही रोज उघडते. शेवटच्या पानावर त्यानं लिहिलंय — 'सिंह राशीतली दीर्घिका, नंबर ३६२८. वीस तासांचे फोटो हवेत. झाले नऊ.' म्हणजे अकरा राहिले. ते मी पुरे करणार. भाऊ फोनवर हसला. म्हणे, ताई, शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिणारी तू, तुला दुर्बिणीतलं काय कळतं? हसू दे त्याला. पोराचं काम अर्धं राहिलंय, माझ्या भावाचं नाही.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन, घरी येऊन झोप काढली. रात्री परत अंगणात.

अंगण कसलं, दहा बाय बारा. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, एकीकडे तुळस आणि वाळत घातलेले कपडे. सिडकोतलं आभाळ काळं होतच नाही. दूध कमी पडलेल्या चहासारखं दिसतं रात्रभर. ही दीर्घिका इथून डोळ्यांनी बघायची म्हटलं तर जन्म जाईल. कॅमेऱ्याचं झाकण दोन-दोन मिनिटं उघडं ठेवायचं, असे शेकडो फोटो काढायचे, खराब निवडून फेकायचे आणि उरलेले कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. तेव्हा कुठं ती उमटते. तांदूळ निवडण्यासारखंच काम आहे, फक्त खडे जास्त.

शेजारच्या लताबाई भिंतीवरून डोकावल्या. "काय दिसतं हो तुम्हाला एवढं?"

"काहीच नाही."

"मग बसता कशाला थंडीत?"

काय सांगू? थोड्या वेळानं त्यांच्या गेटवरचा दिवा बंद झाला. मी काही म्हटलं नव्हतं.

२९ जानेवारी, अमावस्या

आज लय भारी काम झालं. अमावस्येला कुणी लग्न लावत नाही, त्यामुळे तिकडच्या लॉन्समधले ते आभाळात फिरणारे झोत बंद. पावणेतीन तास नीट मिळाले. लोकांना अमावस्या नको असते, मी कॅलेंडरवर तिला लाल गोल करून ठेवते. समाधानही करायचा.

मध्ये हे दारापर्यंत आले. खुर्चीच्या पाठीवर शाल टाकली आणि गेले. मी शाल घेतली नाही. बोटं वाकेनात, तरी घेतली नाही.

३० जानेवारी

आज लिहूनच टाकते. कागदाला तरी कळू दे मी ह्यांच्याशी का बोलत नाही.

गेल्या वर्षी ११ जानेवारीच्या रात्री समाधाननं दुर्बीण लावली. कॅमेरा आपोआप चालतो, म्हणून तो आत येऊन झोपला. त्या दिवसांत सिंह रास पहाटे साडेचारला डोक्यावर येते, तीच खरी वेळ. आणि नेमका पहाटे कुणीतरी मागचा दिवा लावला. सगळे फोटो पांढरे! मी सकाळी लवकर शाळेत गेलेली. संध्याकाळी आले तर पोरगं तणतणत होतं. "पप्पांनी लावला. म्हणतात लघवीला उठलो होतो. या घरात मला अंधार मिळणारच नाही. उद्या चांदवडला जातो, डोंगरावर."

गेला. १३ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, दुर्बीण आणि तिचा कॅमेरा घरीच ठेवून, नुसता हातातला कॅमेरा घेऊन मोटरसायकलवर. घाटात कंटेनर. सत्तावीस वर्षांचा होता.

समाधानच्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळी भावकी बसलेली. सगळ्यांसमोर मी ह्यांना बोलले — तुमच्या लघवीपायी माझं पोरगं गेलं. हे मान खाली घालून सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत राहिले. जो चुकला त्याला शब्द कुठून सुचणार?

त्याच आठवड्यात ह्यांनी मागचा बल्ब काढला. होल्डर अजून रिकामाच आहे. पहाटे नळाचं पाणी भरायचं काम माझं होतं, तेही ह्यांनी घेतलं. अंधारातच भरतात. मला वाटतं, भरा. जन्मभर भरा.

८ फेब्रुवारी

चंद्र मोठा. काम बंद.

मागच्या मैदानात खड्डा खणून ठेवलाय. कुंभाच्या कामांत आमच्या मैदानालाही हायमास्ट, तो उंच दिव्यांचा खांब, मिळाला म्हणे. एक मार्चला चालू करणार. लोकांनी पेढे वाटले. माझ्या हातावरही एक ठेवला. म्हणजे फेब्रुवारीची अमावस्या ही शेवटची. मग या अंगणातून दीर्घिकेचा उजेड कधीच सापडायचा नाही. साडेतीन कोटी वर्षं चालत आलाय आणि इथं येऊन एका खांबापुढे हरणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

दोन तास दहा मिनिटं. त्यातला अर्धा तास ढगांनी खाल्ला.

आज ह्यांनी जेवताना विचारलं, "किती राहिले?" मी भिंतीकडे बघून म्हटलं, "चार." तेवढंच. ताट सरकवून मी उठले. हे वाळलेत फार. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालीय. बघितलं मी. बघून सोडून दिलं.

२७ फेब्रुवारी, अमावस्या

झाले! वीस तास झाले. त्याचे नऊ, माझे अकरा. पहाटे साडेतीनला शेवटचा फोटो घेतला. कॅमेऱ्याचं झाकण लावताना रडू फुटलं. शेजारी ऐकू जाईल म्हणून पदर तोंडात धरला.

२८ फेब्रुवारी

शाळेत रजा टाकली. रचायला बसले. वहीत लिहिलंय, 'एकही फोटो न बघता घेऊ नकोस.' म्हणून त्याचेही सगळे उघडले. एक फोल्डर मात्र मी आजवर टाळत होते, ११ जानेवारीच्या रात्रीचं. आज उघडलं. चांगले असतील ते घ्यायलाच हवेत.

प्रत्येक फोटोवर वेळ असते. चार वाजून सहा मिनिटांपर्यंत सगळं स्वच्छ. चार आठला पांढरं. पुढचा पांढरा. त्यापुढचा पांढरा. पार पावणेसहापर्यंत, उजाडायच्या आधीपर्यंत, सगळे पांढरे.

दीड तासावर दिवा चालू. लघवीला दीड तास लागतो?

आणि संडास तर घरात आहे. मागे जायचं कामच काय? हे एकदा आडवे झाले की ओंडका. रात्री उठलेले मी तीस वर्षांत बघितले नाहीत. राग आला की माणसाची अक्कल चरायला जाते, हेच खरं. तेरा महिने माझी चरतच होती.

चित्र संध्याकाळी तयार झालं. पाटावर पीठ सांडावं आणि मधून बोट ओढावं, तशी आहे ती. फिकी, लांबट, मधून काळी रेघ. समाधानला हेच हवं होतं. बघत बसले, पण मन चार वाजून आठ मिनिटांवरच अडकलेलं.

हे दारात उभे राहिले. "झालं का गं त्याचं?" म्हणाले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. खूप वेळ बघत होते. चष्मा काढून पुसला, परत बघितलं. मला विचारायचं होतं. मी कॉम्प्युटर बंद केला.

१ मार्च, पहाट

झोप नाही. गेल्या वर्षीची वही काढली. माझंच अक्षर आहे —

'१२ जानेवारी. नळ आज चारलाच सुटला. मागचा दिवा लावून टाकी भरली आणि पडले जरा. दिवा घालवायचा राहिला वाटतं, शाळेत गेल्यावर आठवलं.'

त्याच संध्याकाळी पोरगं 'पप्पांनी लावला' म्हणालं, आणि हे माझ्या डोक्यातून पुसलंच गेलं.

आत्ता मागे नळ चालू आहे. हे अंधारात टाकी भरतायत. मला जाग येऊ नये म्हणून तोटीला फडकं बांधलंय. मला उठायचंय. तेरा महिन्यांत त्यांना एकदाही हाक मारली नाही, आता कशी मारू तेच कळत नाही.