खुणेचे दोन शब्द

दि. ५ जानेवारी

चि. खिळ्यास अनेक आशीर्वाद.

दोन रविवार माझं पत्र नाही, म्हणजे तू गाल फुगवून बसला असशील. लिहायला हातच धजत नव्हता. पण सख्ख्या भावापासून लपवून मी जाणार कुठे?

गेल्या महिन्यात एका सकाळी फोन आला. बँकेतून बोलतोय म्हणाला. माझ्या डेबिट कार्डावर परगावी कुणीतरी खरेदी करतंय, कार्ड ताबडतोब बंद करायला हवं, असं त्याचं म्हणणं. आवाज इतका अदबीचा, की आमच्या टेलिफोन एक्स्चेंजात असता तर मीच त्याला चांगला शेरा दिला असता. मधेच मला शंका आली होती रे. फोन ठेवून द्यावा असंही वाटलं. पण चाळीस वर्षं ऑपरेटर म्हणून एकच शिस्त पाळली, की समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. मोबाइलवर सहा आकडे आले, ते त्यानं विचारले. मी सवयीप्रमाणे एकेक आकडा सुटा करून दोनदा सांगितला, आणि वर त्याचे आभारही मानले. असं तीनदा झालं.

तुझ्या शेजारची खोली घ्यायला जमवलेलं सगळं गेलं. भिंतीला भिंत लावून म्हातारपण काढायचं ठरवलं होतं आपण. दुःख तर आहेच, पण त्याहून लाज जास्त वाटते. फोनवर कसं बोलावं हे नव्या मुलींना मी शिकवत असे.

तुझ्या लेकीला, चिंगीला, यातलं काही कळू देऊ नकोस. राग आला तरी माया आटवू नकोस.

तुझी ताई


दि. १२ जानेवारी

ति. ताईस सा. न. वि. वि.

आधी भांडतो, मग धीर देतो. इतके दिवस एकटीनं कुढत बसलीस? मी काय फक्त लोकांच्या कपाटाच्या किल्ल्या करायला जन्मलोय?

ताई, जन्मभर मी कुलपं दुरुस्त केली. कुलूप फोडून झालेल्या चोऱ्या मी बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या असतील. बहुतेक वेळा घरातल्यानंच आतून कडी काढलेली असते, कारण दारातला माणूस सभ्य दिसतो. तुला कुणी मूर्ख म्हटलं तर त्याचे कान उपटायला मी येईन.

आता कामाचं. पोलिसांत तक्रार दिली नसशील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी जाऊन ये. बँक फोनवर आकडे कधीच विचारत नाही. विचारले की समज, चोर आहे. शंका आली तर फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आपण होऊन करायचा. आणि ठेवायचा म्हणजे तू ठेवायचास, आधी. हवं तर रोज आरशासमोर सराव कर.

दुसरं असं, की हल्ली हे लोक नातेवाइकांच्या नावानंही रडतात. भाऊ दवाखान्यात आहे, पैसे पाठवा, असं सांगतात. म्हणून आपण एक खूण ठरवू. लहानपणी दोन रिकाम्या डब्यांना दोरा बांधून टेलिफोन केला होता, आठवतं? दोरा सैल पडला की काही ऐकू यायचं नाही, आणि मी जिन्यावरून ओरडायचो, दोरा ताण. तीच आपली खूण. माझ्या नावानं कुणीही फोन करो, कितीही रडो, आधी खूण विचार. सांगता आली नाही तर फोन खाली. ही खूण मी चिंगीलाही सांगणार नाही. किल्ल्या दोनच बऱ्या, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. तिसरी करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नेहमी दहादा विचार करायला सांगतो.

खोलीचं सावकाश बघू. मी कुठे पळून चाललोय? आहे हा लोभ जपून ठेव, त्याला कुलूप लागत नाही.

तुझा आज्ञाधारक (कधी कधी),
खिळ्या


दि. ४ मार्च, मंगळवार संध्याकाळ

चि. खिळ्यास अनेक आशीर्वाद.

आज तुझी ताई पास झाली! रविवारपर्यंत धीर निघेना, म्हणून लगेच लिहायला बसले.

तासाभरापूर्वी अनोळखी नंबरावरून फोन आला. एक मुलगी हमसून हमसून रडत होती. चिंगीच आहे म्हणे, आणि तू दवाखान्यात. तू लिहिलं होतंस अगदी तसंच. तरी मी खूण विचारली. कसली खूण म्हणून ती आणखीच रडू लागली. मी पुन्हा विचारली. मग डोळे मिटले आणि ठेवला फोन. आयुष्यात पहिल्यांदा, समोरचं माणूस बोलत असताना! पुन्हा त्रास नको म्हणून रिसिव्हर बाजूला काढून ठेवलाय आणि मोबाइलही बंद केलाय. मला फार बरं वाटतंय.

तुझा खोकला कसा आहे? डॉक्टरकडे जाण्याची टाळाटाळ करू नकोस. पाठीवर शाबासकी पाठव, तीही लगेच.

तुझी ताई


दि. ८ मार्च

ति. आत्यास सा. न.

आत्या, हे पत्र बसून वाच. बाबा बुधवारी सकाळी गेले. खोकला छातीत उतरला होता. सोमवारी त्यांना दवाखान्यात नेलं, आणि मंगळवारी डॉक्टरांनी जवळच्या माणसांना बोलवायला सांगितलं.

माझा मोबाइल बंद पडला होता, म्हणून नर्सबाईंच्या टेबलावरून तुला फोन केला. ती मीच होते. तू फोन ठेवलास तेव्हा मला तुझा इतका राग आला, की परत तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं.

बाबांच्या तोंडाला ऑक्सिजन लावलेला, बोलता येत नव्हतं. मी रडत सांगितलं, की आत्या काहीतरी खूण मागते आणि फोन ठेवते. तर ते हसायला लागले. इतके हसले, की नर्सबाई धावत आल्या. मग त्यांनी पेन मागितलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलं, शाबास ताई. त्याखाली दोन शब्द लिहिले आणि फोनकडे बोट दाखवलं. मी पुन्हापुन्हा लावला. लागलाच नाही.

तुझं त्यांच्या नावचं पत्र काल आलं. मी उघडलं, मग बाबांनी जपून ठेवलेलं तुझं जानेवारीचं पत्रही वाचलं. सगळं कळल्यावर माझा राग कुठल्या कुठे गेला, पण रडू थांबत नाही. बाबांची चिठ्ठी सोबत पाठवत आहे.

आता मला तूच आहेस. मला अंतर देऊ नकोस.

तुझी चिंगी


दि. १३ मार्च

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी मिळाली. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण त्याचंच. दिवसभर ती हातातून सुटत नाही.

तुझ्याशी खोटं बोलणार नाही. त्या दिवशी मला आवाज तुझाच वाटला होता. पण त्या चोराचाही आवाज मला खराच वाटला होता. आवाज ओळखण्यात माझी सबंध नोकरी गेली, आणि माझा माझ्या कानांवरचाच विश्वास उडाला होता. त्या मेल्यानं आधी खोली नेली. मी शेजारी राहत असते तर फोनची गरजच पडली नसती. मग खिळ्याचं शेवटचं भेटणंही नेलं. पैसे मी विसरेन, हे मरेपर्यंत विसरणार नाही. आणि तो हसला, हे वाचून मी जितकी रडले तितकी तो गेला हे वाचूनही रडले नव्हते.

त्याची किल्ली आता तुझ्याकडे आहे. नीट सांभाळ, कुणालाही देऊ नकोस. रविवारी सकाळी मला फोन कर. मी खूण विचारीन हं. रडत असलीस तरी विचारीन, तुझ्या बाबांची शिस्त आहे ती. तू ते दोन शब्द सांग, आणि मग तू ठेवल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही.

आत्यावरची माया सैल पडू देऊ नकोस.

तुझी आत्या