नदीचा घास

१७ मे १८०९

आज गिरणीवर डांबराची फुली मारली. आपल्याच फौजेच्या एका अधिकाऱ्यानं. हातमोजा काढायचीसुद्धा तसदी घेतली नाही!

व्हिएन्ना पडून चार दिवस झाले. फ्रेंच लोक खाली बेटाजवळ होड्या जोडून पूल बांधतायत, त्यावरून आपल्या काठावर येणार. तो पूल मोडायला म्हणे डॅन्यूबवर साखळीनं बांधलेल्या पिठाच्या तरत्या गिरण्या हव्यात. दगड भरायचे, पेटवायच्या आणि प्रवाहात सोडून द्यायच्या. आमची पहिली.

आणि किलियान? माझा नवरा? त्यानं त्या हातमोजेवाल्याला वाइन पाजली! त्याच्याच आजोबांनी बांधलेली गिरणी जाणार, आणि हा ताठ उभा राहून सलाम ठोकतोय. शिसारी आली मला.

१९ मे

वेइट दिवसभर दगड वाहतोय. वीस वर्षं त्या गिरणीतच झोपला हा माणूस. आमच्याकडे कामाला आहे म्हणून गडी म्हणायचं, नाहीतर गिरणी त्याचीच. पंचेचाळिशीला आला, ना बायको ना घर.

"बाई, दाणे संपले की ती घंटी वाजते ना," म्हणाला, "ती काढून ठेवू का? तेवढी तरी राहील."

किलियान खेकसला, "घंटी राहू दे! वाजत जाऊ दे शत्रूवर!"

शेजारचे हसले. मी आत गेले.

२१ मे

पेंटेकॉस्टचा सण. दुपारपासून तोफा. खिडकीच्या काचा थरथरतात. संध्याकाळची प्रार्थना कुणाच्या ध्यानात नाही, सगळे काठावर उभे राहून तमाशा बघतायत.

२२ मे

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

पाणी चढलेलं, मातकट, झाडंच्या झाडं वाहून येत होती. किलियाननं स्वतःच्या हातानं गिरणी पेटवली. वेइट साखळी तोडत होता. शेवटच्या घावाला साखळी उसळली आणि त्याला पाण्यात घेऊन गेली.

काठावर दहा-बारा जण होते. गिरणीवाले, नावाडी. प्रत्येकाच्या हातात आकडीची लांब काठी. वेइट एका ओंडक्याला धरून समोरून गेला – चार हातांवरून! "मालक! मालक, काठी!"

एकानंही काठी पुढे केली नाही.

शेजारच्या म्हाताऱ्या रुप्रेख्टनं टोपी काढली आणि पाण्यात टाकली. बस्स. यांचा नियम आहे – नदीनं घेतलेला घास काढून घ्यायचा नाही, नाहीतर ती काढणाऱ्यालाच नेते. म्हणून हे पोहायलाही शिकत नाहीत. मी डोंगरावरची, द्राक्षमळ्यातली. लग्नाला अकरा वर्षं झाली, हा नियम ऐकून होते. डोळ्यांनी आज पाहिला.

मी किलियानच्या हातातली काठी ओढली. त्यानं सोडली नाही. दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

दुपारी बातमी आली. पूल मोडला! लोक नाचले. किलियानला खांद्यावर घेतलं. मी घरी जाऊन दाराला कडी घातली.

२३ मे

किलियान जेवला. वाटीतला रस्सा पावानं पुसून पुसून खाल्ला.

"अगं, मी काय मुद्दाम केलं? बापजाद्यांपासून चालत आलंय."

"वीस वर्षं तुझं पीठ दळलं त्यानं."

"तुम्हा डोंगरावरच्यांना नदी काय कळणार!"

अंथरूण वेगळं घातलं. त्याच्या अंगाला नदीचा वास येतो. आधीही येत असेल.

२७ मे

फौज जिंकली म्हणतात. फ्रेंच त्या बेटावर अडकलेत. रुप्रेख्टची सून सांगत होती, खालच्या गावांत मासे कुणी खात नाही, प्रेतं अजून वाहतायत.

३ जून

वेइट आला!

दारात उभा. गालावर जखम, अंगात कुणाचा तरी निळा डगला. मी किंचाळलेच.

पुलाच्या वर फ्रेंच शिपाई होड्यांतून आकड्या घेऊन बसले होते – वाहून येणारं झाड पुलावर आपटू नये म्हणून. त्यांनी ओंडका धरला, त्यावर हा. एका दाढीवाल्यानं दंडाला धरून होडीत घेतलं, डगला दिला. मागोमाग आमची गिरणी आली. पेटलेली. पुलाकडे जाताना होडीवरूनच गेली. वेइट पलीकडे फेकला गेला, वाचला. दाढीवाला नाही. पुढे एका कोळ्यानं लपवलं आणि काल या काठाला आणून सोडलं.

"घंटी वाजत होती, बाई," एवढंच म्हणाला.

किलियाननं सगळं ऐकलं. मान डोलावली. म्हणाला, "बघ. काढणाऱ्याला नेलंच ना नदीनं?"

या माणसाबरोबर मी अकरा वर्षं एका ताटात जेवले.

९ जून

सकाळी किलियान तळाशी राहिलेली साखळी काढायला गेला. होडी कलली, पडला. रुप्रेख्टनं टोपी काढली. किलियान माझ्याच नावानं ओरडत होता.

वेइट कमरेएवढ्या पाण्यात धावला आणि काठी पुढे केली. ओढून काढलं त्याला.

मी वेइटहून जवळ होते. काठी माझ्याही हातात होती.