हॅट्ट्रिकवाल्याच्या कार्डाचा भाव

२४ ऑक्टोबर १९८७, तुमसर
कॅप्टनचं कार्ड बारा आण्यांवर. परवा आठ होतं. पानठेलेवाल्या हिरालालनं पक्कं सांगितलं. बबलगमच्या पाकिटातून निघणाऱ्या क्रिकेटरच्या कार्डांचा सगळा सौदा त्याच्याच ठेल्यावर होतो. प्लॅन सोपा: आपण वर्ल्ड कप जिंकणार, दुसऱ्या दिवशी मी सगळी कार्डं विकणार. चंद्रकांता म्हणाली, चाळिशीचा माणूस बबलगम चावून राहिला, काहून? पोरं हसून राहिले गल्लीत. बायकोला मार्केट कळत नाही.
दिवाळीचा संकल्प: राग बंद. कुणावर हात उचलायचा नाही.

२६ ऑक्टोबर
विकेटकीपर सहा आणे, स्थिर. एक मास्तर माझ्या कॅप्टनला डुप्लिकेट म्हणाला. मी शांतपणे त्याची कॉलर धरली. बटणं आधीच ढिली असावीत. नाकही. संकल्प मोडला नाही. हात उचललाच नाही, कपाळ मारलं.

२७ ऑक्टोबर
मिलमालक भैय्याजी शेठनी बोलावलं. म्हणाले, घनश्याम, तू माह्या मिलचा खरेदीदार आहेस का बाजारातला मोकाट सांड? अजून एक भांडण झालं तं धानाची खरेदी बंद, पोती उचलाले लावतो.
उगाच भीती घालतात. बाजारात माझ्यासारखा हात आहे कुणाचा? अडत्याच्या पंज्यावर रुमाल टाकायचा, रुमालाखाली त्याच्या तळव्यावर बोटं टेकवायची. क्विंटलला दीडशेच्या वर एका बोटाला पाच रुपये. आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. डावा हात चालत नाही, अपशकुन. लग्न झाल्यापासून माझं घर या उजव्या हातावर चालतंय.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळी
नागपूरला आपल्या बोलरची हॅट्ट्रिक! त्याचं कार्ड चार आण्यांवरून थेट पाच रुपये. हिरालालनं कन्फर्म केलं. अख्ख्या तुमसरात एकच पीस, सायकल स्टोअरवाल्या गोपीचंदकडे. उद्या प्रेमानं मागणार.

१ नोव्हेंबर
प्रेमानं मागितलं. दोन रुपये पुढे केले. गोपीचंद म्हणाला, दोन रुपयांत पंक्चर काढून देतो भाऊ, कार्ड पाह्यचं असंन तं दुरून पाह्य. मी हसलो. हसत हसतच पंप उचलला. त्यानं पाना घेतला. चार सायकली आडव्या. त्याचा एक दात ग्रीसच्या डब्यात गेला, तो त्याचा निष्काळजीपणा. मी गल्ल्यातून कार्ड काढताना त्यानं लाथेनं ड्रॉवर बंद केला. माझी दोन बोटं आत. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज. मग मी त्याचा कान चावला तेव्हा त्यानं पाय काढला. कार्ड माझं! रक्ताचा डाग पडलाय, पण नेमका बॉलवर. उठून दिसतो. भाव वाढेल.
हाडवैद्यानं उजवं मधलं बोट आणि शेजारचं, दोन्ही मिळून बांबूच्या कामटीला बांधली. तीन आठवडे ताठ. शेठना सांगितलं, पायरीवरून पडलो.

३ नोव्हेंबर
हॅट्ट्रिकवाला सात रुपये (हिरालाल). बाजारातही हाताला यश. एक बोट टेकवलं की धानाचा ढीग आपला. दुसऱ्या कुणाला एकही ढीग सुटला नाही. बाकीचे खरेदीदार तोंडावर रुमाल धरून घरी गेले. रडत असावेत.

४ नोव्हेंबर
अडत्याची बिलं आली. प्रत्येक ढीग क्विंटलमागे दहा रुपये चढा. मी एक बोट टेकवलं, त्यानं तीन मोजली. म्हणे कामटीतली दोन दर वेळी तळव्यावर होतीच. बांधलेली बोटं कुणी मोजतं? मी त्याला नीट समजावलं, डाव्या हातानं. आता त्याचाही डोळा बांधलाय. शेठनी पेपरवेट फेकला. नेम चुकला, म्हणजे मनात राग नाही. बाजारात मात्र सध्या येऊ नको म्हणाले.
काळजी नाही. उद्या सेमीफायनल.

५ नोव्हेंबर
हरलो.
हिरालालचा ट्रान्झिस्टर मी फोडला असं लोक म्हणतात. तो हातातून निसटला, समोरच्या भिंतीपर्यंत. हिरालालनं अडकित्ता फेकून मारला. भुवईला तीन टाके. ज्यांना मी हॅट्ट्रिकनंतर जादाचे कॅप्टन विकले होते त्यांनी पैसे परत मागितले, आणि एक कॅप्टन माझ्या तोंडात कोंबला. बबलगमची चव अजून होती.
हॅट्ट्रिकवाला: भाव निघाला नाही.

२१ नोव्हेंबर
पूर्ण सेट एका साध्या पानाला, विनातंबाखू. हिरालालनं स्वतः सांगितलं, ठेल्याची फळी न उघडता. मार्केट जरा विश्रांती घेतंय.
कामटी निघाली. दोन्ही बोटं सरळ. इतकी सरळ की वाकत नाहीत. हाडवैद्य म्हणाला, आता हे असेच राहतीन घनश्यामभाऊ, भाताचा घास डाव्या हातानं शिका.
चंद्रकांता शेठच्या घरी जाऊन रडून आली. मला न विचारता. म्हणून एक संधी मिळाली आहे. सोमवारी सकाळी शेठ स्वतः हातावर रुमाल टाकून बसणार, मी आत फक्त एक बोट टेकवून दाखवायचं. जमलं तर पुन्हा बाजार, नाही तर मंगळवारपासून पोती.
जेवल्यापासून चंद्रकांताच्या तळव्यावर सराव चालू आहे. दोन फार सुरेख येतात.